एकच खूण करावी

शिशुवर्गाच्या प्रवेशअर्जात एकूण बावीस रकाने होते आणि बिट्टीच्या आईने त्यांतले एकवीस बिनचूक भरले होते. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, लसी टोचल्याच्या तारखा, रक्तगट, मुलीला कशाकशाची ॲलर्जी आहे त्याची यादी आणि कशाची नाही त्याचीही यादी. ही दुसरी यादी कोणी मागितली नव्हती. पण उद्या कोणी विचारलं आणि आपल्यापाशी नसली तर, म्हणून तिने ती वेगळ्या कागदावर लिहून जोडली होती. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, आणि त्या तिन्ही गहाळ झाल्या तर म्हणून चौथी घरी कपाटात. बिट्टी साडेतीन वर्षांची होती आणि तिची आई तेवढीच वर्षं एका कानाने जागी होती.

राहिला तो नववा रकाना. 'मूळ ओळख (एकच खूण करावी)'. त्याखाली तीन चौकोन : अलीकडचे, पलीकडचे, इतर.

पूर्वी शहराच्या मधून नदी वाहत असे आणि ती दोन देशांची हद्द होती. पुढे देश एक झाले, नदी पाइपात घालून वर रस्ता केला आणि रस्त्याच्या कडेला हे प्रवेश कार्यालय बांधलं. ओळखी मात्र जशाच्या तशा ठेवल्या, कारण त्यांचे छापील अर्ज शिल्लक होते. तीन नंबरची खिडकी नेमकी जुन्या प्रवाहाच्या मध्यावर येते असं म्हणतात. तिथे उभं राहिलं की उन्हाळ्यातसुद्धा पाय गार पडतात, पण ते फरशीमुळेही असेल.

बिट्टीची आई अलीकडची. बाबा पलीकडचे, म्हणजे त्यांचे आईवडील ऐन तारुण्यात पूल ओलांडून आलेले. तेव्हा आईने दोन्ही चौकोनांत खूण केली होती. दोन्ही सारख्या मापाच्या, कोणाला कमीपणा वाटू नये म्हणून.

खिडकीतल्या कारकूनबाईंनी अर्ज परत सरकवला. "एकच करायची."

"पण ती दोन्ही आहे."

"असेल की. खूण एकच आहे."

"मग कुठली करू?"

"ते आम्ही सांगायचं नसतं, ताई. आता ज्याची ओळख त्याने स्वतः ठरवायची, तसा नियमच आलाय. फक्त ती बरोबर असली पाहिजे. चुकली तर खोटी माहिती दिली म्हणून अर्ज बाद."

"बरोबर कुठली ते कोणाला माहीत असतं?"

"आम्हाला असतं," कारकूनबाई मायेने म्हणाल्या. "पण सांगत नाही आम्ही."

शिवाय 'पलीकडचे' हा शब्दच सोमवारपासून रद्द झाला होता. संज्ञा समितीला तो अपमानकारक आढळला होता. त्याजागी 'सेतुजन' असं लिहायचं होतं, पण अर्जावर खाडाखोड चालणार नव्हती आणि नवे अर्ज छापून यायचे होते. 'पलीकडचे'च्या आधी 'नदीपारचे' हा शब्द होता, त्याच्या आधी 'आलेले', आणि अगदी सुरुवातीला नुसतंच 'ते'. प्रत्येक शब्द मोठ्या सन्मानाने आणला गेला होता आणि दोन-तीन वर्षांत नासला होता, कारण लोक नवा शब्दही जुन्याच सुरात उच्चारत. समितीने या गोष्टीची गंभीर नोंद घेतली होती. पण सूर बदलणं तिच्या अधिकारकक्षेत येत नव्हतं. शब्द येत होते.

अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार, दुपारी चार. घराजवळची शाळा ही एकच. दुसरी दोन बस बदलून, आणि बिट्टीला बस लागते, हे सतराव्या रकान्यात लिहिलेलं होतं.

घरी तिने तिन्ही चौकोनांचा नीट अभ्यास केला. अलीकडच्यांच्या जागा भरल्या होत्या. सेतुजनांच्या शिल्लक होत्या, पण त्या मुलांना मधल्या सुट्टीत 'समावेशन तासिका' असे. बाकीची पोरं बाहेर खेळत असताना यांना वर्गात बसवून इतरांत मिसळावं कसं ते शिकवत. 'इतर'वर खूण केली की अर्ज वरच्या कार्यालयात जाई. मागे एकाने ती केली होती. त्याचा मुलगा आता पाचवीच्या वयाचा झाला होता आणि अर्ज अजून वरच होता.

बिट्टीचे बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करत. हात पुसत ते म्हणाले, "अगं, कर कुठलीही. आमच्या लिफ्टला माणूस कुठून आला ते लागत नाही. कुठे जायचंय तेवढं पुरतं."

"हे तुम्ही त्यांना लेखी द्याल का?" तिने विचारलं. ती थट्टा करत नव्हती. कंपनीच्या लेटरहेडवर मिळालं तर बरं, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं.

सासूबाई खिडकीशी बसून बिट्टीच्या फ्रॉकला बटण लावत होत्या. नव्या शब्दाचं परिपत्रक त्यांनी सुनेकडून दोनदा वाचून घेतलं.

"हे सेतुजन म्हणजे कोण गं?"

"आपण. म्हणजे तुम्ही."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

सासूबाईंनी दोरा दाताने तोडला. "चाळीस वर्षं मला पलीकडची म्हणून हिणवलं सगळ्यांनी. नळावर, दुकानात, तुझ्या आईनेसुद्धा. ऐकून ऐकून तो शब्द जुन्या चपलेसारखा पायात बसला. आता कुठे चावेनासा झाला, तर काढून घेतला मेल्यांनी." मग त्या म्हणाल्या, "आणि एक सांगते, तिकडे होतो ना, तेव्हा आम्हीच अलीकडचे होतो."

बिट्टीच्या आईने हेही वहीत टिपून ठेवलं. पण याला जोडायला पुरावा नव्हता.

बुधवारी ती बिट्टीला घेऊन पहिल्या मजल्यावरच्या संज्ञा कक्षात गेली. तिथले अधिकारी सौजन्याची मूर्ती होते. त्यांनी बिट्टीला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि मग टरबूज पिकलंय का बघावं तसं तिच्याकडे चहूबाजूंनी पाहिलं. ओळख ठरवण्याची एक शास्त्रीय प्रश्नावली होती. दोन्ही बाजूंची भाषा एकच असली तरी कागदोपत्री त्या दोन होत्या, त्यामुळे पहिला प्रश्न भाषेचा होता.

"मुलगी रागावली की कुठल्या बाजूच्या भाषेत रडते?"

"ती नुसतीच रडते."

अधिकाऱ्यांनी 'अनिर्णित' असं लिहिलं. झोपेत ती कुठल्या कुशीवर वळते, अनोळखी माणूस दिसला की आईमागे लपते की बाबांमागे, आजी म्हणताना तिला नेमकी कुठली आजी अभिप्रेत असते, असे आणखी अकरा प्रश्न झाले. बिट्टी दोन्ही कुशींवर वळत होती आणि जो जवळ असेल त्याच्यामागे लपत होती. बारा वेळा 'अनिर्णित' लिहून अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, तुमच्या मुलीत काही दोष नाही," ते समजुतीने म्हणाले. "दोष आमच्या चौकोनांत आहे. आपण चौथा काढू. 'उभय'. त्याला सात राखीव जागा देता येतील, समावेशन तासिका नाही. मात्र ओळख एकटीची नोंदवता येत नाही. किमान सात जण लागतात. आणखी सहा मुलं आणा, शुक्रवारच्या आत."

बिट्टीच्या आईला भरून आलं. इतक्या वर्षांत सरकारी खुर्चीतून कोणी दोष आपला म्हटल्याचं तिने ऐकलं नव्हतं. तिने त्याच दुपारी बागेतल्या घसरगुंडीच्या खांबावर कागद चिकटवला : आई एकीकडची, वडील दुसरीकडचे, असं मूल असल्यास कृपया संपर्क साधावा.

संध्याकाळपर्यंत चौघं आली. एका जोडप्याने तर लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ही गोष्ट शेजाऱ्यांना सांगितली नव्हती. खांबाआड नेऊन त्यांनी ती बिट्टीच्या आईला सांगितली. गुरुवारी सकाळी आठ वाजता सात पुरे झाले. नऊ वाजता वीस झाले, आणि अकराला रांग बागेच्या फाटकाबाहेर गेली, कारण उभयांना सात जागा आहेत आणि मधली सुट्टी पूर्ण आहे ही बातमी तोवर शहरभर झाली होती. ज्यांच्या सात पिढ्या अलीकडून हलल्या नव्हत्या त्यांना एकाएकी पलीकडची पणजी आठवू लागली. एका गृहस्थांनी आपल्या गायीचा वंश पलीकडचा असल्याचा दाखला आणला. मूल तिच्याच दुधावर वाढलं होतं. कारकूनबाईंचा भाचाही उभय निघाला. दुपारपर्यंत उभय एकशे चाळीस झाले आणि अलीकडचे उरले अकरा. ते अकरा जण आपल्याला अल्पसंख्य म्हणून संरक्षण मिळावं असं निवेदन घेऊन तीन नंबरच्या खिडकीपाशी उभे होते आणि त्यांचे पाय गार पडले होते.

एवढ्या गर्दीत खरे उभय कोण हे ठरवणं भाग होतं. त्यासाठी सत्यता पडताळणी समिती नेमण्यात आली. या विषयातली एकमेव अनुभवी व्यक्ती म्हणून बिट्टीच्या आईची तिच्यावर नेमणूक झाली. तिला टेबल, शिक्का आणि तीच बारा प्रश्नांची प्रश्नावली देण्यात आली. एखादं उत्तर अनिर्णित आलं तर अर्ज अपात्र ठरवायचा अधिकारही. वशिलेबाजीचा आरोप होऊ नये म्हणून सदस्याच्या मुलाचा अर्ज सर्वांत शेवटी विचारात घेतला जाईल, असा एक नियमही नेमणूकपत्रात होता. तो तिला अगदी न्याय्य वाटला. तिने त्याखाली सही केली.

शुक्रवारी सकाळपासून तिने इतकं चोख काम केलं की अधिकारी दोनदा येऊन नुसते पाहून गेले. गायीचा दाखला तिने पहिल्या झटक्यात फेटाळला. पणज्यांचा पुरावा मागितला. कारकूनबाईंच्या भाच्याला चौथ्या प्रश्नावर पकडलं आणि कारकूनबाईंची नजर चुकवून पुढचा अर्ज घेतला. साडेतीनला सहा मुलं खरी ठरली होती. एक जागा राहिली होती, आणि दोन अर्ज. त्यांतला शेवटचा बिट्टीचा.

समोर एक तरुण बाई येऊन बसली. मांडीवर मुलगा. तिच्या फायलीत प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स होत्या आणि कोणीही न मागितलेली एक यादी होती. ती आणि तिचा नवरा एकेका बाजूचे होते आणि सगळे दाखले अस्सल होते. परवा ज्या जोडप्याने आपली गोष्ट खांबाआड नेऊन सांगितली होती, त्यातलीच ही. आता ती सगळ्यांसमोर मोठ्याने बोलत होती.

बिट्टीच्या आईने घड्याळाकडे पाहिलं. दाराशी सासूबाई बिट्टीला घेऊन उभ्या होत्या. बिट्टीने बटण लावलेला फ्रॉक घातला होता. दोन बस, आणि पोरीला बस लागते.

"मुलगा रागावला की कुठल्या बाजूच्या भाषेत रडतो?" तिने विचारलं.

बाई गोंधळली. "अहो, तो नुसताच रडतो."

दाराशी सासूबाईंनी बिट्टीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि सुनेकडे बघत राहिल्या.

बिट्टीच्या आईने 'अनिर्णित' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच नेटकं आलं. मग नियमानुसार जे अनिर्णित ते अपात्र असा शिक्का मारला, कागद कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवला आणि शेवटचा अर्ज समितीच्या दुसऱ्या सदस्यांकडे सरकवला. त्यांनी प्रश्न न विचारता तो मंजूर केला. सदस्याच्या मुलीला प्रश्न काय विचारायचे. चार वाजता खिडकी बंद झाली.

बिट्टी शाळेत रमली आहे. मधल्या सुट्टीत ती घसरगुंडीच्या शिडीपाशी उभी राहते आणि वर चढणाऱ्या प्रत्येक मुलाला तू कुठला ते विचारते. बाईंनी तिच्या प्रगतिपुस्तकात 'नेतृत्वगुण आहेत' असा शेरा दिला आहे.

बिट्टीच्या आईने केलं ते बरोबर की चूक, याविषयी वाचकांचं मत कार्यालयाला हवं आहे. मतं तीन नंबरच्या खिडकीत साडेदहापासून स्वीकारली जातील. मात्र मत देणारा कुठला हे कळल्याशिवाय ते मत कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचं ते ठरवता येत नाही. तरी वाचकांनी आधी रकाना क्रमांक नऊ भरावा. बिट्टीच्या आईचा राग येऊन तुम्ही तो कोरा सोडणार असाल तर हरकत नाही; तुम्ही कुठले ते खिडकीत माहीत आहे, आणि शेजारी बसून वाचणारा कुठला ते तुम्हाला माहीत आहे.