नरोत्तमभाऊंची छत्री

शेजाऱ्याच्या टीव्हीसमोर उभं राहण्यासाठी ज्याला कागदावर सही करावी लागते, असा अख्ख्या केळव्यात मी एकटाच असेन. सही नरोत्तमभाऊ घेतात. त्यांच्या गच्चीवर टीव्हीची छत्री आहे. तिला हात लावण्याआधी ते कोऱ्या कागदावर पट्टीने रकाने आखतात आणि वर 'वर्क परमिट' असं लिहितात. कामाचं स्वरूप, जागा, संभाव्य धोके, काम करणारा, परवानगी देणारा. करणारे तेच, देणारेही तेच. 'संभाव्य धोके' या रकान्यात ते दर वेळी एकच शब्द लिहितात, 'पडणे'. मग खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

"उद्या मी पडलो तर तुमच्यावर यायला नको, सर," ते म्हणतात.

ते खरंच पडले तर पोलीस सगळ्यात आधी तोच कागद माझ्यापुढे धरतील, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नरोत्तमभाऊंनी चौतीस वर्षं तारापूरच्या एमआयडीसीत, रसायनांच्या एका कारखान्यात काढली. मीटर, गेज आणि व्हॉल्व यांची देखभाल हे त्यांचं काम. फोरमन म्हणून निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. कुकर गॅसवर चढवला की तिसरी शिट्टी होईपर्यंत ते त्याच्यासमोरून हलत नाहीत. "प्रेशर वेसल हाय. सोडून जायचं नाय." वीज गेली की शटडाउन. पाहुणे आले की ऑडिट. पुण्याचा मुलगा दिवाळीत दोन दिवस येऊन जातो, त्याला ते अ‍ॅन्युअल मेंटेनन्स म्हणतात. सुरुवातीला मला हे सगळं विनोदी वाटायचं. शेवटचा शब्द ते हसत म्हणत नाहीत, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

आता बिघाडाबद्दल. सकाळी त्यांच्या टीव्हीवर भजन, बाजारभाव, योगासनं, सगळं स्वच्छ दिसायचं. दुपारी टीव्ही बंद. संध्याकाळी साडेसातला एका मालिकेसाठी तो परत लावला की चित्र तुटायला लागायचं. माणसांचे चौकोन व्हायचे, एकीचं कुंकू दुसरीच्या हनुवटीवर जायचं, आणि मग निळा पडदा: सिग्नल उपलब्ध नाही.

ती मालिका कुसुमवहिनींची. वहिनी जाऊन दीड वर्ष झालं. मालिका त्या जाण्याआधीपासून चालू होती आणि त्यांच्यानंतरही चालूच राहिली. मी पालघरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत असे. अख्खी मोगल सत्ता मी एका सहामाहीत संपवायचो. या मालिकेत एका साखरपुड्याला तेवढे दिवस लागले म्हणे.

छत्रीचं काम दोन माणसांचं असतं. एक गच्चीवर, दुसरा टीव्हीसमोर. पूर्वी टीव्हीसमोरची जागा वहिनींची होती. भाऊ वरून ओरडायचे, "आता?" वहिनी स्वयंपाकघरातून, टीव्हीकडे न बघता ओरडायच्या, "आलं हो आलं, उतरा आता! भाकरी गार होते!" भाऊ समाधानाने उतरायचे आणि चित्र नव्हतंच असं त्यांना खाली आल्यावर कळायचं.

वहिनींच्या जागी मी आलो. मला मात्र नुसतं 'आलं' म्हणायची सवलत नव्हती. "आलं म्हंजे किती? आकडा सांगा!" रिमोटचं एक बटण दाबलं की पडद्यावर सिग्नलचे टक्के दिसतात. मी खिडकीतून टक्के ओरडायचो आणि भाऊ ते गच्चीवर रजिस्टरात लिहायचे. पहिला संशय खाऱ्या वाऱ्यावर. सगळे जोड बदलले. मग कावळ्यांवर, छत्रीवर काटेरी तार आली. मग शनिवार-रविवारी किनाऱ्यावर येणारे मुंबईकर जे ड्रोन उडवतात त्यांच्यावर. सोमवारीही चित्र तुटलं तेव्हा मुंबईकर सुटले.

आणि एके दिवशी जाहीर झालं की मालिका संपणार. येत्या शनिवारी शेवटचा भाग.

नरोत्तमभाऊ कुंपणाशी येऊन उभे राहिले. दाढी केलेली नव्हती, हे त्यांच्याबाबतीत नवीनच.

"सर, शनवारच्या आत चित्र पायजे."

"त्यात काय एवढं? माझ्या मोबाईलवर दिसते ती. रविवारी सावकाश बघा."

"काल काय झालं ते विचारून आज व्हॉल्व फिरवतात काय? ज्या टायमाला चालू हाय त्याच टायमाला बघायचं."

"मग शनिवारी आमच्याकडे या."

"नाय. ह्याच घरात, ह्याच टीवीवर."

हट्टी माणसाला कारण विचारू नये, असं माझं मत आहे. कारण मिळतं आणि हट्टही राहतो.

बुधवारी बोईसरहून टीव्हीवाला आला. येण्याची वेळ सकाळी अकरा, म्हणजे चित्र उत्तम असण्याची वेळ.

"अंकल, सिग्नल तो एकदम मस्त है."

"अब्बी मस्त है. शाम को आव, साडेसात."

"साढ़े सात को मेरी छुट्टी हो जाती है."

"ठीक है, ऊपर जाके देखो. पहले परमिट भरो. हेल्मेट किधर है?"

"अंकल, छत पे जाना है, चाँद पे नहीं!"

तरी त्याला भाऊंचं पिवळं हेल्मेट घालावं लागलं. ते त्याच्या भुवयांपर्यंत आलं. वर जाऊन त्याने छत्रीवर दोन टिचक्या मारल्या, खाली येऊन "नया टीवी ले लो" असा सल्ला दिला आणि 'संभाव्य धोके'खाली सही करून गेला. भाऊंनी रजिस्टरात नोंद केली: 'बाहेरील एजन्सी. निष्कर्ष शून्य.'

शुक्रवारी ते साडेपाचलाच गच्चीवर चढले. मी टीव्हीसमोर. समुद्रावरून रोजचा संध्याकाळचा वारा चांगला सुटला होता. पहिला आकडा एक्केचाळीस. दुसरा एकोणचाळीस. वरून पान्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून भाऊंचा, तोही आता फोरमनसारखा राहिला नव्हता. "अजून एकदा बघा ना, सर. नीट बघा." आकडा बघण्यात नीट काय असतं? तरी मी चष्मा पुसून परत बघितलं. अडतीस.

त्याच वेळी माझ्या वाडीत जान्या माडावर होता. जान्या मनोरकडच्या एका पाड्यावरचा. दोन महिन्यांतून एकदा येऊन माझे नारळ उतरवून देतो. एरवी सकाळी येतो, पण त्या दिवशी त्याची एसटी चुकली होती. कुंपणालगतचा माड भाऊंच्या गच्चीच्याही वर गेलेला आहे आणि थोडा त्यांच्या बाजूला कललेला. तिथून जान्याची हाक आली.

"ओ काका! तुमची छत्री माज्याकं टक लावून बगते!"

"गप काम कर. मी टेस्टिंगमदी हाय."

"अवो, खरंच! तिच्या आन् आभाळाच्या मदी ही झावळी येते. वारा आला का येते, वारा गेला का जाते. ही बगा, धरली!"

माझ्यासमोर आकडा अडतीसवरून अठ्ठ्याहत्तरवर गेला. मी ओरडलो.

"जान्या, सोड!" भाऊंचा आवाज.

"चाळीस!" मी.

"धर!"

"अठ्ठ्याहत्तर!"

"सोड!"

हे त्यांनी अकरा वेळा करून घेतलं. शेवटी जान्या म्हणाला, "काका, माजा हात धरायचा का सोडायचा, एकदा ठरवा. मी पन माडावर हाय!"

तर दीड वर्षाच्या तपासात गुन्हेगार निघाला माझा माड. ज्याला मी मीठ घातलं, शेणखत घातलं, आणि ज्याच्या वाढीचं कौतुक मी खुद्द भाऊंनाच ऐकवत असे. भाऊ दीड वर्ष छत्रीकडे बघत होते. छत्री कुठे बघते, हे बघायला कुणी वर मान केली नव्हती. मीही नाही, आणि मला तर संशय घेण्याचा पगार मिळत असे.

मी गच्चीवर गेलो तेव्हा ते कठड्याला टेकून रजिस्टराची पानं उलटत होते. तारीख, वेळ, टक्के, शेरा.

"वाऱ्याचा रकानाच नाय ठेवला," ते म्हणाले. "चौतीस वर्षं बंद खोलीत मीटर बघितले, सर. तिथं वारा नसतो."

जान्याने दोन झावळ्या छाटल्या. कारणाच्या जागी भाऊंनी 'सरांचा माड' असं लिहून खाली रेघ मारली. मी निमूटपणे सही केली.

शनिवारी सव्वासातला त्यांनी मला बोलावलं. घर झाडलेलं, दाढी केलेली, मधल्या टेबलावर चहाचे दोन कप. मला खुर्ची दिली. स्वतः मात्र टीव्हीच्या बाजूला उभे राहिले, जसे पूर्वी कुठल्याशा मीटरशेजारी उभे राहत असतील. साडेसात वाजले. चित्र काचेसारखं. निळ्या साडीतली एक बाई रडत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा वेगळं दिसत होतं.

"ही कोण, सर?"

"मला काय ठाऊक?"

"दीड वर्ष टीवीसमोर तुमी होते!"

"मी आकडा बघत होतो. मालिका तुम्ही लावायचा."

"मी गच्चीवर होतो."

एवढ्या दिवसांत त्या मालिकेची पाव गोष्टही दोघांपैकी एकालाही कळलेली नव्हती. मग एक म्हातारा दारात आला, सगळे उभे राहिले, संगीत वाजलं. तो कोण, कुठून आला, आम्हाला कळलं नाही. जाहिराती लागल्या.

जाहिराती चालू असतानाच भाऊ बोलले. आवाज बंद केलेला नव्हता, त्यामुळे मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"कुसुम दवाखान्यात होती ना पालघरला, तिथं टीवी नव्हता. मला म्हणाली, तुमी संध्याकाळचे घरी जातात तर बघून ठेवा, आन् सकाळी येऊन मला सांगा. अनुराधा घरी परत येते काय, एवढंच सांगा. तिला दुसरं काय नाय पायजे होतं. मी रोज सात वाजता यायचो. चित्र तुटायचं. मग मी वर. खाली येऊन बघायचो, परत वर. खाली बोलायला कोण नाय. जमेपर्यंत आठ वाजायचे, मालिका संपायची."

"मग सकाळी काय सांगायचात?"

"सिग्नल सांगायचो, सर. काल एक्कावन होता. आज बासष्टपर्यंत नेला."

"आणि वहिनी?"

"म्हणायची, वाढला काय? मग बरा हाय." ते जाहिरातींकडे बघत होते. "अकरा दिवस हेच चाललं."

मी चहाचा कप उचलला. चहा संपलेला होता, तरी थोडा वेळ तो तोंडाशी धरून ठेवला.

मालिका पुन्हा सुरू झाली. एका घराचं फाटक, रांगोळी, दारात ओवाळणीचं ताट. रिक्षातून एक बाई उतरली, हातात बॅग. घरातली सगळी माणसं तिच्याकडे धावली. कुणी तिला सूनबाई म्हणालं, कुणी वहिनी, कुणी आई. नावाने हाक मारील असा एकही माणूस त्या घरात नव्हता.

नरोत्तमभाऊ टीव्हीच्या अगदी जवळ गेले.

"सर, हीच ना? अनुराधा?"

पुराव्याशिवाय विधान करू नये, हे मी तीस वर्षं मुलांना सांगत आलो. त्या बाईला मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

"हो," मी म्हणालो. "अनुराधाच. शंकाच नाही."

पडद्यावर तिने उंबरठा ओलांडला. भाऊंनी हात मागे नेऊन चाचपत खुर्ची शोधली आणि खाली बसले.

"आली गं," ते म्हणाले. "घरी आली ती."

मी कप टेबलावर ठेवला आणि आवाज न करता चपला घातल्या.