लेझरसाठी दुकान बंद

आज खरं बोलायचं, असं सलूनवाल्या अण्णांनी त्या सकाळी ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. (आयुष्यभर गिऱ्हाइकांना 'छे, केस कुठे विरळ झालेत' असं सांगत आलेल्या माणसाला ही अवदसा त्याच दिवशी का आठवावी, कोण जाणे.) झालं असं, की निवृत्त हेडमास्तर खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसले होते. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्यावर फेस होता आणि अण्णांचा वस्तरा बरोबर गळ्यावर होता. तेवढ्यात आरसा, खुर्ची आणि हेडमास्तर असे सगळे मिळून फिरायला लागलेले अण्णांना दिसले. आता गपचूप वस्तरा खाली ठेवून चहाचं निमित्त काढायचं, की नाही? ते सोडून अण्णा शांतपणे म्हणाले, "सर, हलू नका हं. मला जरा गरगरतंय."

हेडमास्तर हलले. त्या वयात माणूस इतक्या चपळाईने उठू शकतो, हे त्यांच्या घरच्यांनाही खरं वाटलं नसतं. अर्ध्या फेसासकट आणि गळ्यातल्या पांढऱ्या कापडासकट ते चौकातून घरी गेले. वाटेत ज्याने विचारलं त्याला त्यांनी, शिकवायची सवय असल्यामुळे, सगळं नीट समजावून सांगितलं.

झालं. त्यानंतर अण्णांच्या दुकानाकडे कुणी फिरकेना. शेजारचा शिंपी रोज फुकट पेपर वाचायला यायचा, तोसुद्धा आता दारात उभा राहून वाचू लागला. रस्त्यावरून ओळखीचा कुणी चालला, की अण्णा सवयीने म्हणायचे, 'एखादी चक्कर टाका की,' आणि तो शब्द ऐकूनच तो माणूस पलीकडच्या फुटपाथवर जायचा. अण्णांना दुसरं काही काम येत नव्हतं. एके दिवशी जेवता जेवता ते बायकोला म्हणाले, "हात शाबूत आहे माझा, पण लोक मानच देत नाहीत."

लेझरचं मेव्हण्याने काढलं. (या मेव्हण्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीतलं थोडं कळतं, आणि ते थोडं तो तासभर सांगतो.) दोष डोक्यात नाही, कानात आहे, माणसाचा तोल कान सांभाळतो आणि हल्ली कानाला लेझर देतात, असं त्याचं म्हणणं. बायको म्हणाली, इतकी वर्षं मी सांगते ते यांच्या कानात शिरत नाही, उजेड तरी शिरू दे. कानाचे डॉक्टर भले गृहस्थ होते. काहींना बरं वाटतं, काहींना नाही, मी शब्द देत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. अण्णांना वाटलं होतं ठिणग्या उडतील, निदान चटका तरी बसेल. डॉक्टरांनी पेन्सिलीएवढी नळी कानात धरली, बारीक लाल उजेड पडला आणि थोड्या वेळाने ते 'झालं, उद्या या' म्हणाले. जे लागल्याचंच कळत नाही त्याने गुण कसा येणार, या विचाराने अण्णा त्या दिवशी जेवलेही नाहीत.

तरी ते रोज जात राहिले. जाण्यायेण्यात दुकान बंदच राहायचं, म्हणून मेव्हण्याने शटरवर ठळक अक्षरांत पाटी लावली: 'लेझरसाठी दुकान बंद. लवकरच आपल्या सेवेत.'

गरगरणं हळूहळू थांबलं. लेझरने थांबलं की घरी स्वस्थ पडून राहिल्याने, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. पण आरसा जागच्या जागी दिसू लागला. अण्णांनी धीर करून शटर वर केलं, तर बाहेर ही गर्दी.

अण्णांना भरून आलं. माणसं विसरतात, माफ करतात, असं त्यांच्या मनात येतंय तोवर पहिल्या बाईंनी विचारलं, ओठावरचे केस लेझरने कायमचे जातील ना. त्यांच्यामागे एक जाडजूड ड्रायव्हर पाठीवरच्या जंगलाचं विचारायला उभा होता.

"लेझर दुकानात नाही हो," अण्णा म्हणाले, "ते माझ्या कानात होतं."

"कानातलेही काढता?" म्हणत एक आजोबा पुढे घुसले. "मग आधी माझे."

अण्णा समजावत राहिले आणि रांगेत कानात केस असलेले लोक वाढत राहिले. शेवटी वैतागून त्यांनी पुन्हा खरं सांगितलं (माणूस शिकत नाही तो नाहीच): केसांसाठी नव्हे, मला चक्कर यायची म्हणून लेझर घेतलं. एवढं म्हणायचा अवकाश, रस्ता असा रिकामा झाला की शिंपी काय झालं ते बघायला बाहेर आला.

अण्णा मटकन बाकावर बसले. आता हे दुकान विकायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. मान वर केली तर दारात हेडमास्तर उभे. गालभर पांढरी दाढी वाढलेली. ते आत आले, आपणहून खुर्चीत बसले आणि त्यांनी मान मागे टाकली.

"दुसऱ्या कुणाकडे गेलो नाही रे," ते म्हणाले. "दुसऱ्या हाताची सवय नाही."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. या एका मानेसाठी तर त्यांनी रोज तो लाल उजेड कानात घेतला होता. भिंत हलत नव्हती, हातही हलत नव्हता. त्यांनी वस्तऱ्याला नवं पातं लावलं, छान फेस केला आणि ब्रश गालाजवळ नेला.

"अरे, फेस कशाला? दाढी ठेवलीय मी. घरचे म्हणतात, पहिल्यांदाच मायाळू दिसतोय. नुसता कंगवा फिरव."

अण्णांनी कंगवा फिरवला. तो इतका सरळ आणि हलका फिरला, की हेडमास्तरांनी आरशात बघून खुशीने मान डोलावली.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "वस्तरा तेवढा सोडून दे."