बोट खंय?

वसंतकाका आमच्याकडे आले की आधी बसत नाहीत. वाकून फडताळाचे पाय बघतात. मुंग्या चढू नयेत म्हणून मी चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवते, आमच्या मसुरे गावात बऱ्याच घरांत ठेवतात. काका त्या अंगणात नेऊन पालथ्या करतात आणि मग खुर्ची ओढून चहा मागतात. ते गेले की मी वाट्या पुन्हा भरते. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

काकांची सगळी नोकरी मलेरिया खात्यात, लोकांचं रक्त काचेवर घेऊन तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःसाठी एक जुना मायक्रोस्कोप घेतला. आमच्याकडे कुणी नुसतं शिंकलं तरी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून विचारणा होते, "ताप आसा? बोट खंय?" देवळात भजनाला बसलेले बाप्येसुद्धा त्यांना बघून हात पाठीमागे घेतात.

डासाच्या मादीला ते 'ती बाई' म्हणतात. "नर बिचारो फुलांचो रस पिता. रगात पिता ती बाईच," हे माझ्या सासूबाईंकडे बघत सांगतात आणि वर चहात साखर कमी म्हणतात. हिवतापाच्या जंतूला मात्र 'पावणो'. "पावणो आधी लिवरात रवता, गुपचूप. मगे रगतात येता." मी हसायचे. ते गेल्यावर मात्र उगाच कपाळाला हात लावून बघायचे.

गेल्या दिवाळीआधी माझी लेक सायली थंडीने कुडकुडायला लागली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. दवाखान्यातून तापाचं औषध आणलं, डॉक्टर म्हणाले रक्त उद्या तपासू. दुपारी पुन्हा ताप चढला आणि पोर भलतंच बडबडू लागली. मला आठवल्या त्या वाट्या, मीच भरलेल्या. मी काकांना हाक मारली.

काका आले. फडताळाखालच्या भरलेल्या वाट्या त्यांनी पाहिल्या आणि तशाच पुढे गेले. त्याने मी जास्तच घाबरले.

"रक्त उद्या तपासणार आहेत," मी म्हटलं.

"उद्या नको," ते म्हणाले. मग सायलीकडे वळून, "बोट खंय, बाय?" सुई टोचून त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला.

काच तळहातावर आडवी धरून ते आपल्या घरी निघाले. सायलीजवळ सासूबाईंना बसवून मी मागोमाग गेले. आतल्या खोलीत एक टेबल होतं आणि त्याच्या पायांखाली चार वाट्या. माझं डोकंच फिरलं. मग वास आला. वाट्यांत गाडीचं काळं जळकं तेल होतं.

रक्त सुकेपर्यंत काका काचेवर पहारा देत बसले. भिंतीवर एक मुंगी दिसली, तर उठून ती चिरडून आले.

"काका, मुंगी काचेर काय करतली?"

"रगात खाता," ते म्हणाले. "तुझ्या काकीची काच मी खिडकेत सुकाक ठेवललंय. येऊन बघतंय तर काच नितळ, सगळा मुंग्यांनी खाल्लेला. काकी दमून निजलेली. म्हटलंय, रवांदे, उद्या परत घेतंय."

ते पुन्हा काचेवर वाकले. मी काकीला फक्त हार घातलेल्या फोटोत बघितलंय.

काचेवरचं रक्त औषधाने रंगवून झालं. काका मायक्रोस्कोपला किती वेळ डोळा लावून बसले होते कोण जाणे. मग त्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं.

"गावलो पावणो."

मी खाली बसले.

"रडा नको गो. गावलो म्हंजे जातलो. गावाक नाय तो वायट." त्यांनी डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली. त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं आणि आठवड्याभरात सायली पेज मागू लागली.

नंतर काका आले तेव्हा नेहमीसारखे वाकले. वाट्यांत काळं तेल होतं. ते सरळ खुर्चीत बसले. सायली शाळेतून आली आणि आपणहून त्यांच्यापुढे बोट धरून उभी राहिली. काकांकडे सुई नव्हती. त्यांनी ते बोट नुसतंच मुठीत धरलं आणि चहा गार झाला तरी सोडलं नाही.