ठिणगीनं मागचं अंगण साफ केलं

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला न सांगता मदत करायची असं ठिणगीनं त्या दिवशी पहिल्यांदाच ठरवलं, आणि तिथंच घात झाला. त्यानं नेहमीसारखी आरडाओरड केली असती तर काही बिघडलं नसतं. आरडाओरडीची घराला सवय होती, मदतीची नव्हती.

ठिणगी म्हणजे नाक्यावरचा वेल्डर. वेल्डिंगच्या धंद्यामुळं आपल्याला हे नाव पडलं असं त्याला वाटायचं. (गल्लीनं त्याचा हा गैरसमज कधी दूर केला नाही. कोण करणार? माणसाच्या हातात कायम हातोडा.)

बायकोचं मागचं अंगण त्याच्या डोळ्यांत खुपायचं. चार घरांच्या आंघोळीचं, धुण्याचं पाणी एका जुन्या पाइपातनं तिथं यायचं. फुटक्या लोखंडी पिंपांत वाळू नि खडी भरलेली. त्यातनं ते गाळून पुढं भाजीच्या वाफ्यांत जायचं. कोपऱ्यात एक खड्डा. चार घरांचा ओला कचरा त्यात, आणि कचऱ्यात गांडुळं. ऊन तापलं की बायको आधी खड्ड्यावर ओलं पोतं टाकायची, मग नवऱ्याला पाणी विचारायची.

ऊन तर दर साली वाढतच चाललं होतं. नळाला पाणी कमी, वाफे करपायचे. कुठलीशी संस्था म्हणे अशा कामाला पैसे देणार होती. बदलत्या हवामानाशी टक्कर द्यायला लोकांनी मिळून आधीच काही सुरू केलेलं असेल, तर ते वाढवायला. बायको, शेजारची शिंपीण आणि आणखी दोघी, अशा चौघींनी बसून अर्ज भरला. पैसे मिळाले तर मोठी टाकी बांधायची, सगळ्या गल्लीचं पाणी गाळायचं, एकही वाफा जळू द्यायचा नाही.

"तुमच्या गटाराला कोण पैसे देतंय?" ठिणगी तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता.

बायकोनं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

आणि मग संस्थेचा फोन आला. अर्ज आवडला, मॅडम काम बघायला येणार. ठिणगीला आतनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण बोललो ते चुकलं, हे त्याला कळलं. पण चुकलं असं तोंडानं म्हणायची त्याला लाज वाटायची. हातानं करून दाखवू म्हणाला.

मॅडम यायच्या दिवशी चौघी सकाळीच बँकेत गेल्या. गटाच्या खात्याचा कागद घ्यायचा आणि येताना स्टँडवरून मॅडमना आणायचं, असं ठरलेलं. त्यांची पाठ वळली आणि ठिणगी मागच्या दारात उभा राहिला.

आता आपल्याकडं पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस काय करतो? पसारा लपवतो. ठिणगीनं तेच केलं. फक्त लपवायला जागा नव्हती म्हणून त्यानं तो घालवला.

भंगारवाल्याला हाक मारली. पिंपं, पाइप, सगळं त्याच्या गाडीवर. वाळू-खडी ठिणगीनं वाया घालवली नाही. ती खड्ड्यात ओतली, वर दुकानातली सिमेंटची गोणी रिकामी करून कोबा केला. त्याआधी वास नको म्हणून फिनेलचा अख्खा डबा. (माणूस कामाचा पक्का. अर्धवट काही सोडायचा नाही.)

पलीकडच्या ओट्यावर बसलेली म्हातारी मावशी हे सगळं बघत होती.

"अरे, काय चाललंय?"

"मदत!"

"तिला विचारलंस का?"

"मदत काय विचारून करायची असती का मावशी? तुम्ही आपली लसूण सोला!"

वाफे मात्र त्याला भकास दिसले. उन्हानं पानं सुकलेली. ती उपटली, आणि फोटोवाल्याच्या स्टुडिओतनं प्लास्टिकच्या फुलांच्या कुंड्या मागून आणल्या. लाल, पिवळी, एक निळी. मग अंगावर धुतलेला शर्ट चढवला आणि बायको काय म्हणेल याचा विचार करत दारात उभा राहिला. हसेल, असं त्याला वाटलं. बऱ्याच दिवसांत हसलेली नव्हती.

मॅडम आल्या. पुढं बायको, मागं तिघी. बायको चालता चालताच सांगत होती, "बघा, इथनं पाणी येतं, मग पहिल्या पिंपात..." आणि तिचा हात तसाच वर राहिला.

"पहिलं पिंप कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

चौघी रिकाम्या अंगणाकडं बघत राहिल्या. ठिणगीला वाटलं, थक्क झाल्या. झाल्याच होत्या म्हणा.

"काढलं सगळं!" तो पुढं झाला. "या, या. इकडं या, स्वच्छ आहे."

मॅडम कोपऱ्याकडं वळल्या, आणि त्यांची चप्पल ओल्या कोब्यात घोट्यापर्यंत गेली. शिंपिणीनं आणि बायकोनं धरून पाय ओढला. पाय आला, चप्पल आत राहिली.

"इथं गांडूळखताचा खड्डा आहे ना? अर्जात लिहिलंय."

"होता," ठिणगी म्हणाला. "आता एक किडा दिसायचा नाही तुम्हाला. माझी गॅरंटी."

मॅडमनी निळ्या फुलाला बोट लावून बघितलं. "ही बाग कधी लावलीत?"

"आज सकाळी."

"बाई," मॅडम बायकोला हळू आवाजात म्हणाल्या, "आधीचे काही फोटो आहेत का?"

"रोजच्या कामाचे फोटो कोण काढतं हो?" बायको म्हणाली. "पण कालपर्यंत होतं. ह्या तिघींना विचारा."

"खोटं नाही बोलत तुम्ही, कळतंय मला. पण काल होतं ते मी आज बघू कसं? आणि न बघता वर काय लिहू?"

इथं ठिणगी भडकला. चूक झाली की तो आधी भडकायचा, हा त्याचा जुना कायदा. "अहो, एवढ्या लांबनं तुम्ही काय गटार बघायला आलात?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "गटारच बघायला आले होते."

एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात शिंपिणीची, अशा त्या परत गेल्या.

आता बायको बोलेल म्हणून ठिणगी खांदे वर करून उभा राहिला. ती कोब्याजवळ बसली, कडेची ओली खडी बोटांनी उकरायला लागली. खालनं माती आली, फिनेलचा वास आला. हातात एक गांडूळ आलं, दोरीच्या तुकड्यासारखं. ती ते तळहातावर घेऊन बसून राहिली.

"अगं, शिव्या तरी दे," ठिणगी म्हणाला.

"तीन वर्षं वाढवली होती," ती म्हणाली. त्याला नाही, त्या गांडुळाला.

ठिणगी भंगारवाल्याकडं पळाला. पिंपं कापून, ठोकून पत्रा झालेली. "तूच म्हणालास ना, बायको यायच्या आत ने?" भंगारवाला म्हणाला. ठिणगीनं तो पत्रा परत आणला, दुकान बंद ठेवलं आणि आठवडाभर पिंपं जोडत बसला. जोडली. एक थेंब गळत नव्हता. पण लोखंड जोडता येतं, गांडूळ वेल्ड होत नाही. दुसरीकडनं मूठभर आणून सोडली, ती वाढेपर्यंत उन्हाळा भरात आला आणि त्या साली वाफ्यांत काही उरलं नाही. पैसे दुसऱ्या गल्लीला गेले. रोज दुकानातनं आला की तो चहा प्यायच्या आधी मागं जाऊन पोतं ओलं करायचा. बायको बघायची. पण बरं केलंत, असं काही म्हणाली नाही.

पुढच्या साली संस्थेनं पुन्हा अर्ज मागवले. चौघी पुन्हा बसल्या. ठिणगी मुकाट्यानं दाराशी उभा.

"इथं विचारलंय," शिंपीण वाचायला लागली, "तुमच्या कामाला सगळ्यात मोठा धोका कशाचा? आणि त्यावर उपाय काय करणार?"

"पाणीटंचाई लिहा," ठिणगी म्हणाला. "नाहीतर ऊन."

चौघींनी एकमेकींकडं बघितलं आणि बायकोनं पेन घेतलं.

त्या साली टाकी मंजूर झाली. मॅडम दोनदा येऊन सगळं बघून गेल्या, फोटो काढले, म्हणे फार खूष होत्या. ठिणगीनं काही बघितलं नाही. दोन्ही वेळेला अर्जात लिहिलेल्या उपायाप्रमाणं त्याला सासुरवाडीला धाडलं होतं. तिथं तो पडवीत बसून होता. रिकाम्या हातांना चैन पडेना, म्हणून उठून सहज झाडूकडं वळला, तर आतनं मेव्हण्याची बायको धावत आली.

"भाऊजी, बसा हो! आमच्याकडं काहीसुद्धा साफ करायचं नाहीये!"