रिझवानची थंडी

भर मे महिन्यात, पनवेलच्या त्या चिकट दुपारी, आमच्या शेजारच्या हमीदाचाची लोकरीचा स्वेटर, पायमोजे आणि कानाला स्कार्फ अशा थाटात दार उघडत. घामाने भिजलेला कुरिअरवाला सही घ्यायचं विसरून त्यांच्याकडे बघत राही. “काय बघतो? आत हिवाळा हाय,” चाची सांगत.

खोटं नव्हतं ते. त्यांच्या घरात एसी होता, आणि तो त्या चालवत नसत. त्यांचा मुलगा रिझवान चालवायचा. कतारमधल्या दोह्यातून, मोबाइलवर.

चाची मूळच्या आपटा गावच्या. चाचा गेल्यावर रिझवानने त्यांना पनवेलला आमच्या शेजारचा फ्लॅट घेऊन दिला आणि स्वतः कतारला बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून गेला. पहिल्या सुट्टीत त्याने एसी बसवला. चाचींनी रिमोट प्लास्टिकच्या पिशवीसकट शोकेसमध्ये ठेवला, तिकडून आलेल्या अत्तराच्या बाटल्यांशेजारी. पुढच्या सुट्टीत तो आला तेव्हा पिशवीची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

रिझवान बाजारातून रिमोटचं काम करणारी, वायफायवर चालणारी एक डबी घेऊन आला, एसीसमोरच्या भिंतीवर लावली आणि अॅप जोडायला मला बोलावलं. फोनचं काम करताना समोरच्या माणसाकडे बघावं लागत नाही, म्हणून ते मला जमतं.

“अम्मी बटण दाबत नाही ना? मग आता मी दाबणार,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी परत गेला.

घोळ एवढाच झाला की रिझवान पनवेलची हवा बघून बटण दाबत नव्हता. त्याला तिकडे उकडलं की तो इकडचा एसी लावायचा. दोह्यात ऊन चढलं की चाचींच्या हॉलमध्ये टुक्‌ असा आवाज व्हायचा, एसीचं तोंड उघडायचं आणि तापमान थेट अठरावर. पावसाळ्यात आमच्या भिंतींना बुरशी आली, दारं फुगली, तरी तिकडे ऊन होतंच. चाची गोधडी पांघरून टीव्ही बघत.

आखातातून आलेली वस्तू एकट्याने ठेवायची नाही, शेजारी वाटायची, हा चाचींचा रिवाज. खजूर, साबण, डोकेदुखीचा बाम, सगळं आमच्यापर्यंत पोचायचं. मग थंडीला वेगळा न्याय कशाला? टुक्‌ झालं की त्या पॅसेजमध्ये येऊन हाक मारत, “या गो सगळ्या. रिझवानची थंडी आली हाय.”

मग आई कोथिंबीर निवडायला तिकडे जायची. वरच्या मजल्यावरच्या पाटीलकाकू विणकाम घेऊन यायच्या. एकदा त्या करंजाहून आणलेली सुकट साफ करायला घेऊन आल्या. बंद खोलीत तो वास असा कोंडला की आमची शाकाहारी आई चार दिवस उकाड्यात बसली, पण तिकडे गेली नाही. शेवटी चाचींनी कायदा केला, “थंडीत मासळी आणायची नाय.”

“मुलाला सांगा, जरा बटण वर कर म्हणावं. माझे दात वाजतात,” पाटीलकाकू म्हणायच्या.

“वाजू दे. दात हायत म्हणून वाजतात. चहा घे.”

मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसायचे. तिथे मला कुणी काही विचारत नसे, म्हणून मला ते घर आवडायचं.

रोज संध्याकाळी रिझवानचा फोन यायचा. “अम्मी, थंड झालं ना?”

“एकदम गारेगार, बेटा,” चाची गुडघे चोळत सांगायच्या.

गुडघे खरंच आखडले होते. एक दिवस आईला राहवलं नाही. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “भाभी, बास झालं. मुक्ता त्याला मेसेज करेल.”

“खबरदार. बेटा, एक अक्षर लिहू नको.”

“पण तुम्हाला सोसत नाही ना थंडी?” मी विचारलं.

“मला नाय सोसत. पण तेला बरं वाटते ना.” त्यांनी स्कार्फ घट्ट केला. “दिवसभर उन्हात उभा ऱ्हातो पोरगा. तिकडची हवा तेच्या हातात नाय. इकडची हाय.”



मग ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी रिझवानचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी टुक्‌ही झालं नाही. आई कोथिंबीर घेऊन दारात ताटकळली.

“आज जुम्मा असेल, तेला सुट्टी,” चाची म्हणाल्या.

“आज मंगळवार आहे, भाभी.”

चाची डबीसमोर खुर्ची ओढून बसल्या. “बेटा, बघ गो हिला काय झालं.”

मी अॅप उघडलं. डबी चालू होती, नेट चालू होतं. फक्त कुणी बटण दाबलं नव्हतं. “डबी चांगली आहे, चाची,” मी म्हणाले.

“बिघडलेली बरी होती.”

त्यांच्या फोनवरून चारदा लावला, रिझवानचा फोन लागला नाही. आई माझ्याकडे बघायला लागली. मी अनोळखी माणसांना फोन करत नाही, ओळखीच्यांनाही शक्यतो नाही. पण चाचींचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते. मी माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. बऱ्याच वेळाने रिझवान दिसला. मागे काचेची भिंत, टेबलं, कंप्युटर. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट.

“अम्मी, मला आत घेतलं. ऑफिसात. काल सगळा दिवस सामान हलवण्यात गेला, रात्री तसाच झोपलो. फोन आत्ताच चार्जिंगला लावलाय.” तो तळवे एकमेकांवर घासत होता. “काय एसी ठेवतात इथे. बोटं गारठली.” मग एकदम त्याला आठवलं. “अरे, तुझा लावायचा राहिलाच की. थांब, लावतो.”

“नको,” चाची म्हणाल्या. “हवा छान हाय इकडं.”

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

“जाकीट हाय ना तुझ्याजवळ? ते घालून बस,” एवढं सांगून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

खोली भट्टीसारखी झाली होती. आईने पदराने वारा घेतला आणि ती पंख्याच्या बटणाकडे निघाली. चाचींच्या कपाळावरून घाम ओघळून हनुवटीपर्यंत आला होता. त्यांनी तो पुसला नाही.

“ऱ्हाऊ दे गो,” त्या म्हणाल्या. “पोरगा गारठलाय तिकडं. आज उकडू दे.”