गुनादी सरांची फुंकर

निरीक्षण, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष हे शब्द फळ्यावर उमटले की आठवीचा वर्ग जांभया द्यायला लागायचा. वुर्यानी बाईंना ते फार लागायचं. क्लातेन गावच्या त्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले, पण एका पोराने कधी 'हे कशावरून?' असं विचारलं नव्हतं.

म्हणूनच मागच्या बाकावरची सेकार जेव्हा उठून म्हणाली, "बाई, खेळाचे गुनादी सर बॅडमिंटनच्या सर्व्हिसच्या आधी फुलावर फुंकर का मारतात?" तेव्हा बाईंना तिची पापीच घ्यावीशी वाटली.

गुनादी सरांची बॅडमिंटनची सर्व्हिस म्हणजे गावाची शान. फूल जाळीला चाटून पलीकडे अलगद टपकायचं. मुख्याध्यापिका हारुमी बाईंच्या जोडीने ते दरवर्षी तालुक्याचा शिक्षकचषक आणत. आणि दर सर्व्हिसच्या आधी एक फुंकर ठरलेली.

"अंदाज सांगा!" बाई म्हणाल्या.

"पिसं ओली होत असतील!"

"छे, मंत्र असणार. आजोबांकडून आलेला."

"लसूण खातात ते," दानू म्हणाला. "वासाने समोरचा अर्धमेला होत असेल."

वर्ग पहिल्यांदाच जागा झाला होता. गुनादी सरांना विचारलं, तर ते खो खो हसले. "मी फुंकर मारतो? मला तर ठाऊकच नाही! या की, करा प्रयोग. घाबरतो की काय मी?"

गावच्या खेळघरात प्रयोग झाला. वारा नको म्हणून बाईंनी सगळी दारं लावून घेतली. पलीकडे जमिनीवर खडूने चौकट आखली. सेकारने हात वर केला की फुंकर मारायची, खाली केला की नाही. सर घामाघूम होईपर्यंत सर्व्हिस करत राहिले आणि फूल दोन्ही वेळा सारखंच चौकटीत पडत राहिलं. पोरं नाचायला लागली. 'फुंकरीचा काहीही उपयोग नाही,' असा निष्कर्ष सेकारने फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिला. सरांनीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सरावाला त्यांची पहिली सर्व्हिस जाळीत गेली.

"काय झालं?" हारुमी बाईंनी विचारलं.

"हाताला घाम आला जरा."

पुढची आकाशात गेली. त्यानंतरच्या वेळी सरांनी गाल फुगवले, तसेच धरून ठेवले आणि फुस्सकन हवा सोडून रॅकेट खाली ठेवली.

संध्याकाळी ते वुर्यानी बाईंना शाळेच्या दारात भेटले. "बाई, आता फुंकर मारली तर माझं मलाच हसू येतं, आणि नाही मारली तर उघडाबंब उभा असल्यासारखं वाटतं. काय करू सांगा."

त्यापाठोपाठ हारुमी बाईंनी वुर्यानी बाईंना खोलीत बोलावून घेतलं. "वुर्यानी बाई, मी विज्ञान शिकवा म्हटलं होतं. माझा जोडीदार शिजवून खा, असं नव्हतं म्हटलं!"

आयुष्यभर खऱ्याची कास धरलेली बाई, पण दुसऱ्या सकाळी त्यांनी गुनादी सरांना मुद्दाम वर्गात बोलावलं आणि घसा खाकरला. "मुलांनो, आपला प्रयोग चुकला बरं का. त्या दिवशी वारा होता. तेव्हा तो निष्कर्ष धरायचा नाही."

सरांच्या तोंडावर जरा कळा आली. तेवढ्यात सेकार उठली. "पण बाई, दारं तर बंद होती. तुम्हीच लावायला सांगितलेली."

"फटीतून आला असेल."

"मग पुन्हा करू या!" दानू ओरडला. "फटी बुजवून!"

"नको!" सर असे किंचाळले की शेजारचा वर्ग दारात गोळा झाला.

चषक गेला. शेवटचा गुण सरांच्याच सर्व्हिसवर गेला. फूल जाळीपर्यंतसुद्धा पोचलं नाही, त्यांच्याच पायाशी पडलं. लोक चपला शोधायला लागले. सरांनी फूल उचललं आणि समोरच्या जोडीच्या हातात नेऊन दिलं. सरांनी एखादी शिवी हासडली असती तरी वुर्यानी बाईंना बरं वाटलं असतं.

बाई सोयाबीनच्या तळलेल्या तेंपेचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेल्या. सरांनी गोड चहा पुढे केला.

"माझं चुकलं, सर."

"कसलं चुकलं? पोरं प्रश्न विचारायला लागली की नाही?"

"लागली."

"मग झालं तर." सरांनी तेंपेचा तुकडा उचलला, पण खाल्ला नाही. हातातच धरून अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसले. बाई आल्या होत्या त्याहून जड पावलांनी परतल्या.

पोरं मात्र आता कुणाचं ऐकेनात. पुढच्या आठवड्यात डोळ्याची आकृती काढायला बाई फळ्याकडे वळल्या. हातानेच असा गोल काढायच्या की कंपासने मान खाली घालावी.

"बाई," मागून सेकारचा आवाज आला, "गोल काढायच्या आधी तुम्ही टाचा उचलता आणि श्वास धरता. आम्ही कधीपासून बघतोय. त्याने गोलात फरक पडतो का?"

बाईंनी खाली पाहिलं. टाचा खरंच वर होत्या. त्यांनी त्या टेकवल्या, तर हात पोचेना. पुन्हा उचलल्या, तर तोल जायला लागला. आणि श्वास धरायचा की सोडायचा? खडू फळ्याला टेकला आणि तिथेच अडकून राहिला. सगळा वर्ग टक लावून बघत होता, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत खरंखुरं, निर्मळ कुतूहल होतं.

शिट्टी वाजली. दारात गुनादी सर उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"चला रे, सगळे मैदानावर!"

"पण सर, आत्ता विज्ञानाचा तास आहे!"

"मैदानावर म्हटलं ना!"

बाकं खडखडली, वर्ग ओसरला. सरांनी एकेक खिडकी लावून घेतली. बाई अजून पाठमोऱ्याच होत्या.

बाहेरून दार ओढता ओढता सर हळूच म्हणाले, "आता कुणी बघत नाहीये, बाई. काढा."