भेग काही भरून येईना

काँक्रीटची तुळई चिरली की लोक कपाळाला हात लावतात. रोविना टॅलबटनं मात्र ती मुद्दाम चिरली होती आणि आता ती भरून येत नाही म्हणून कपाळ बडवत होती. क्राइस्टचर्चच्या प्रयोगशाळेत तिनं काँक्रीटमध्ये जंतू कालवले होते. भेगेत पाणी शिरलं की ते जागे होणार, चुना तयार करणार आणि भेग बुजवणार, असं ठरलं होतं. जंतूंना हे कुणी कळवलंच नसावं. सव्वीस दिवस झाले तरी ढिम्म! शुक्रवारी पूल खात्याची समिती यायची होती. भेग बुजली नाही, तर रोविनाची नोकरी गेलीच म्हणायची.

"मेले सगळे," ती रोज सकाळी डोळे पुसत म्हणायची.

"चिरलेलं बघवत नाही गं मला," प्रयोगशाळेतला म्हातारा कारागीर नेव्ह हळहळायचा. भूकंपानंतर दहा वर्षं त्यानं गावभरच्या भिंती बुजवल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी रोविना येऊन बघते तर काय, भेग गायब! ती ओरडली, रडली, तुळईचा चक्क मुका घेतला.

समितीच्या प्रमुख पानियाबाईंनी भिंग लावून पाहिलं. "काय सफाई आहे! कुठून आणलेत हो हे जंतू?"

"जंतू?" मागे उभा असलेला नेव्ह दुखावला. "स्वच्छ हात धुऊन केलंय मी! पोरगी रोज रडते, म्हटलं द्यावी बुजवून."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं रोविनाला झालं. पानियाबाई मात्र नेव्हकडे वळल्या.

"किती वेळ लागला?"

"चहा गार व्हायच्या आत झालं."

"सोमवारपासून पुलावर या."

"येतो की. पण हाताखाली माणूस लागेल." आणि त्यानं मोठ्या मायेनं रोविनाकडे बोट दाखवलं.

तुळई मागच्या आवारात पावसात जाऊन पडली आणि डॉक्टर रोविना टॅलबट पुलाखाली सिमेंट कालवू लागली. आयुष्याचं मातेरं झालं, एवढंच तिला कळत होतं.

पाच आठवड्यांनी नेव्ह खुशीत कामावर आला. "तुझी तुळई पाहिली बरं का आज. मागच्या अंगालाही एक भेग होती, आपल्याला दिसलीच नव्हती."

"असू दे."

"त्यात कसलंसं पांढरं भरून आलं होतं. आपोआप!"

रोविनाच्या हातातली थापी गळून पडली. "आपोआप? नेव्ह, तुम्ही हात तर नाही ना लावलात?"

"छे गं, हातानं कुठलं निघतंय! दगडासारखं घट्ट. छिन्नी लावून सगळं खरवडलं, तेव्हा कुठे नीट सिमेंट भरता आलं."